पहिले पाणी ओतून द्या!

समजा, तुमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाने गवती चहाचा किंवा गुलाबाचा अर्क काढण्यासाठी तांब्याचे एक छोटे ऊर्ध्वपातन-यंत्र आणले आहे. खाली भांडे, त्यावर घुमटासारखे झाकण, झाकणातून निघालेली नळी आणि ती नळी थंड ठेवणारे पाण्याचे पिंप. यंत्र नवे कोरे आहे, चकचकीत आहे. मग काय, पाणी भरा, पाने टाका आणि चूल पेटवा! असेच तुम्हाला वाटेल. पण थांबा. या यंत्रातून निघणारे पहिले पाणी अर्काच्या बाटलीत नव्हे, मोरीत गेले पाहिजे. का, ते आज पाहू.

तुम्ही म्हणाल, "ऊर्ध्वपातन म्हणजेच तर शुद्धीकरण! मळ खाली राहतो आणि वाफ तेवढी वर जाते. मग यंत्र धुण्याची एवढी काळजी कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मिळण्यासाठी मळ कोठे आहे आणि कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी विचारले पाहिजे.

खालच्या भांड्यात चिमूटभर मीठ असेल तर ते खालीच राहील. मिठाची वाफ १०० अंश सेल्सिअसला होत नाही. परंतु भांड्याला रॉकेलचा हात लागला असेल तर? रॉकेलचा काही भाग पाण्याच्या वाफेबरोबर निघून येतो आणि अर्काला त्याचा वास लागतो. गवती चहातील सुगंधी तेल ज्या युक्तीने वर येते, त्याच युक्तीने हा नको असलेला पाहुणाही येतो! म्हणजे भांड्यातील बाष्पनशील मळ धोक्याचा.

आता नळीकडे पाहा. नळीत वाफ थंड होऊन पाणी बनते आणि ते थेंब नळीच्या भिंतीवरून ओघळत बाटलीत उतरतात. येथे जे काही चिकटलेले असेल, धूळ, तेल, डाखकामाचा नवसागर, ते धुऊन सरळ बाटलीत जाईल. नळीच्या पुढे शुद्धीकरणाची दुसरी पायरी नाही. म्हणून नळीतील प्रत्येक मळ धोक्याचा.

यातील सर्वांत मोठा शत्रू म्हणजे शिसे. साध्या डाखात कथील आणि शिसे यांचे मिश्रण असते. शिसे १७४९ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे ते वाफ होऊन वर जाणे शक्यच नाही. पण नळीच्या सांध्यावर शिशाचा डाख असेल, तर त्यावरून वाहणारे ताजे, क्षारविरहित पाणी त्याला हळूहळू विरघळवते. त्यात थोडे आम्ल असेल तर हे काम अधिकच वेगाने होते.

ही केवळ पुस्तकी भीती नाही. अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागात अठराव्या शतकाच्या आरंभी रम नावाची दारू गाळीत असत. ती पिणाऱ्यांच्या पोटात असह्य कळा येत आणि हातापायांतील शक्ती जाई. काही गाळणाऱ्यांच्या यंत्रांची झाकणे व नळ्या शिशाच्या होत्या. अखेर १७२३ साली मॅसॅच्युसेट्सने अशा झाकणांवर आणि नळ्यांवर कायद्याने बंदी घातली. विख्यात शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी मुलगा असताना ऐकलेली ही हकिकत १७८६ साली आपल्या मित्राला पत्रातून कळवली. उपयुक्त सत्य कळले, तरी ते सर्वांच्या आचरणात यायला किती काळ लागतो, याचे नवल त्या पत्रात त्यांनी व्यक्त केले आहे.

शिशाची अमुक मात्रा सुरक्षित आहे, असे आजचे वैद्यक मानत नाही. मुलांच्या मेंदूला तर ते विशेष घातक. शिवाय शिशाला वास नाही आणि पाण्यात ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून हा दोष धुऊन काढायचा नसतो, तो मुळातच टाळायचा असतो. यंत्र घेतानाच सांधे कशाने जोडले आहेत, ते विचारा. डाख असेल तर तो शिसेविरहित हवा. खात्री नसेल तर ते यंत्र वापरूच नका. मोटारीचा जुना रेडिएटर शीतनलिका म्हणून वापरण्याचा विचारही मनात आणू नका. आपल्याकडे झाकणाची फट कणकेने किंवा मातीने लिंपण्याची जुनी रीत आहे, ती किती शहाणपणाची आहे पाहा!

आता स्वच्छतेला लागू या. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली, डोळ्यांवर चष्मा लावून आणि खिडक्या उघडून करावे.

पहिली पायरी : नळी मोकळी आहे ना, ते पाहा. तिच्यातून पाणी सोडा. ठेवून दिलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, हे तुम्ही पाहिले असेल. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते. नळी तुंबली तर ही वाफ झाकण उडवून देईल. नळीचे तोंड कधीही बंद करू नये.

दुसरी पायरी : सगळे भाग कोमट पाणी व साबणाने धुवा. कारखान्यातील यंत्राचे तेल नुसत्या पाण्याने जात नाही. मग साबणाचा अंशही राहणार नाही असे खळबळून घ्या.

तिसरी पायरी : तांब्याचे भांडे आतून चिंचेने किंवा लिंबाने घासा. तांब्यावरचा काळा थर म्हणजे तांब्याचे ऑक्साइड. चिंचेतील टार्टारिक आम्ल आणि लिंबातील सायट्रिक आम्ल त्याला विरघळवते. पितळेच्या भांड्यात ताक कळकते ते याच जातीच्या क्रियेने, आणि म्हणूनच कल्हईवाला आत कथलाचा थर देतो.

चौथी पायरी : पण नळीत चिंच कशी पोहोचणार? येथे व्हिनेगर कामाला येते. त्यातील अ‍ॅसेटिक आम्ल ११८ अंशांना उकळते, म्हणजे पाण्याच्या बरेच जवळ. ते वाफेबरोबर निघते आणि वाफ जाईल तेथे तेथे जाऊन नळी आतून घासते. निम्मे पाणी, निम्मे व्हिनेगर असे मिश्रण भांड्यात अर्ध्यापर्यंत भरा आणि गाळा. भांडे कोरडे पडू देऊ नका. निघालेले पाणी निळसर-हिरवट दिसले, तर ते तांब्याचे क्षार आहेत. हे सगळे पाणी टाकून द्या.

पाचवी पायरी : आता नुसते स्वच्छ पाणी गाळा आणि तेही टाकून द्या. आंबट वास येत असेल तर पुन्हा गाळा.

यंत्र तयार झाले का? तपासून पाहा. स्वच्छ काचपट्टीवर गाळलेल्या पाण्याचे दोन थेंब आणि शेजारी नळाच्या पाण्याचे दोन थेंब वाळू द्या. नळाच्या पाण्याचा पांढरट डाग राहील, गाळलेल्या पाण्याचा राहता कामा नये. मात्र लक्षात ठेवा, शिशाचा सूक्ष्म अंश या परीक्षेत सापडणार नाही.

आणखी एक गोष्ट. हे यंत्र पाण्यासाठी आणि सुगंधी अर्कासाठी आहे. परवान्याशिवाय दारू गाळणे हा आपल्या राज्यात कायद्याने गुन्हा आहे.

जाता जाता एक प्रश्न. एका यंत्रात शिशाचा डाख भांड्याच्या बुडाला आहे, दुसऱ्यात तो नळीच्या तोंडाशी आहे. दोन्ही वापरायची नाहीत, हे तर ठरलेच. पण अर्कात शिसे उतरण्याचा धोका कोणत्यात अधिक आणि का? कारणासह उत्तर वहीत लिहा आणि शिक्षकांना दाखवा.