अंथरूण पाहून रेझोल्यूशन

विसर्जन मिरवणुकीचे मूळ शूटिंग लख्ख असते. एडिट करून १०८०पीमध्ये एक्स्पोर्ट केले की मात्र गुलाल उधळताच चित्राचे चौकोन होतात. त्याच सेटिंगवर काढलेले कीर्तन स्वच्छ दिसते. असे का?

१०८०पीच्या एका फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि पिक्सेलला २४ बिट धरले, तर न दाबलेला व्हिडिओ सेकंदाला जवळपास १२४ कोटी बिट खातो. नेटवर एवढे परवडत नाही, म्हणून व्हिडिओ दाबणारा एन्कोडर काटकसर करतो. २००३ पासूनचे आणि आजही सर्रास वापरले जाणारे एच.२६४ तंत्र फ्रेमचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडते, तोच भाग आधीच्या फ्रेममध्ये कुठे होता ते शोधते आणि फक्त फरक लिहून ठेवते. कीर्तनकारांच्या मागचा पडदा हलत नाही. तिथे लिहायला फारसे काही नसते. गुलालाचा कण न् कण वेगळीकडे उडतो. तिथे जवळजवळ सगळेच नव्याने लिहावे लागते. बिट अपुरे पडले की बारकावे जातात आणि चौकोनांच्या कडा उघड्या पडतात.

सेकंदाला हे बिट किती मिळणार, ते बिटरेट ठरवतो. २ एमबीपीएसने केलेला तासाभराचा व्हिडिओ, आवाज सोडून, साधारण ९०० एमबीचा होतो. मग तो ४८०पी असो की फोरके. रेझोल्यूशन वाढवले तर फक्त प्रत्येक पिक्सेलचा वाटा घटतो. ७२०पीमध्ये ९.२ लाखच पिक्सेल असल्याने तोच वाटा सव्वादोनपट होतो. त्यामुळे कमी बिटरेटला मिरवणूक ७२०पीमध्येच बरी दिसते.

नेटफ्लिक्सही पूर्वी सगळ्या कार्यक्रमांना एकच मापपट्टी लावत असे. १०८०पीला कमाल ५८०० केबीपीएस. साध्या कार्टूनला ते जास्त व्हायचे, दाणेदार चित्राला कमी पडायचे. २०१५ मध्ये कंपनीने प्रत्येक कार्यक्रमाचे माप वेगळे काढायला सुरुवात केली.

घरच्या कामालाही हाच न्याय लावावा. आकाराचे बंधन नसेल, तर बिटरेट ठरवूच नका, सीआरएफ ही दर्जा ठरवणारी सेटिंग वापरा. एक्स२६४ या एच.२६४च्या एन्कोडरमध्ये तिचा आकडा मुळात २३ असतो. आकडा उतरला की दर्जा आणि फाइल दोन्ही वाढतात. बंधन असेल, तर सर्वांत गजबजलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा १०८०पी आणि ७२०पी अशा दोन्ही रेझोल्यूशनला काढून टीव्हीवर पाहा आणि मगच पूर्ण व्हिडिओ एन्कोडला लावा. यूट्यूबवर टाकायचा असेल, तर मात्र हात आखडू नका. तिथे तो पुन्हा दाबला जातोच. १०८०पीला, सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत, ८ एमबीपीएस द्यावेत अशी खुद्द यूट्यूबची शिफारस आहे.