धुराला वाट हवी

चिमणी बसवायला आलेला माणूस घरात शिरला की आधी खोक्याकडे बघत नाही. तो ओट्यापाशी उभा राहतो, मान वर करून भिंत न्याहाळतो आणि विचारतो, "पाइप कुठून काढायचा?" आमच्याकडे हा प्रश्न आला तेव्हा उत्तर कुणाजवळच नव्हतं. इमारत नवी, ओटा काळ्याभोर ग्रॅनाइटचा, खाली चकचकीत ट्रॉल्या. पण बांधणाऱ्याने भिंतीत भोक ठेवलेलं नव्हतं आणि खिडकी नेमकी ओट्याच्या विरुद्ध टोकाला. मेकॅनिकने टेप लावला, छताखालून बोट फिरवत वळणं मोजली आणि आईला म्हणाला, "काकू, मशीन चांगलं आहे हो. पण वाट लांब आहे, सोळा फूट आणि तीन वळणं."

त्या दिवसापासून मी हे यंत्र नीट पाहायला लागलो. दुकानात आपण काच बघतो, हात हलवला की सुरू होणारी बटणं बघतो, आणि खोक्यावरचा मोठा आकडा बघतो. चिमणीचं खरं काम मात्र कपाटामागे दडलेल्या पाइपात चालतं.

फोडणीत मोहरी तडतडते तेव्हा कढईतून नुसता वास निघत नाही. तेलाचे डोळ्यांना न दिसणारे थेंब, पाण्याची वाफ, मिरचीचा ठसका आणि ज्योतीतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड असा सगळा लोट वर चढतो. चढता चढता तो बाजूची हवा ओढून घेतो आणि रुंद होत जातो. म्हणून गॅसच्या शेगडीपासून चिमणी साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर, म्हणजे दोन-अडीच फुटांवर असावी लागते. त्याहून खाली आली तर ती नको तितकी तापते आणि ढवळणाऱ्याचं कपाळ तिच्यावर आपटतं. फार वर गेली तर लोट तिच्या कडांबाहेर निसटतो आणि छताला लागतो. दोन-तीन बर्नरच्या शेगडीला ६० सेंटिमीटर रुंदीची चिमणी पुरते, चार बर्नर असतील तर ९० ची लागते. चिमणी शेगडीहून अरुंद असली तर कडेच्या बर्नरवरचा धूर तिच्या हाती लागत नाही.

हल्ली तिरक्या काचेच्या चिमण्यांची चलती आहे. दिसायला त्या सुरेख असतात, डोक्यालाही लागत नाहीत. पण माझं मत जुन्या, खालून पोकळ असलेल्या पिरॅमिडसारख्या चिमणीच्या बाजूने आहे. तळणीतून एकदम उसळलेला लोट त्या पोकळीत क्षणभर थांबतो आणि पंख्याला तो ओढून घ्यायला सवड मिळते. सपाट किंवा तिरक्या काचेखाली त्याला थांबायला जागाच नसते.

आपल्या घरांत धूर काही नवा नाही. कौलारू घरात तो कौलांच्या फटींतून जायचा, काही घरांत त्याच्यासाठी धुराडं असायचं, आणि बरीचशी काजळी वाशांवर आणि चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत साठायची. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे प्रयोग चालत, तिथून धुराड्याची 'मगन चूल' गावोगाव गेली. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला, उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी आली. गॅस आल्यावर धूर दिसेनासा झाला आणि शहरातल्या आपण प्रश्न सुटला असं धरून चाललो. ज्योत निळी झाली तरी तेल तापायचं थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने खूप तापलेल्या तेलात तळताना निघणारा धूर '२अ' गटात, म्हणजे माणसाला बहुधा कर्करोगकारक ठरणाऱ्या गोष्टींत घातला आहे. त्यामागचा पुरावा मोठ्या प्रमाणात चीनमधल्या, घरी कढईत रोज परतणाऱ्या बायकांच्या अभ्यासांतून आलेला आहे. म्हणून कुणी भजी सोडायला नकोत. पण रोज दोन वेळा ओट्याशी उभी राहणारी व्यक्ती काय श्वासात घेते, हा प्रश्न घराच्या सजावटीच्या आधीचा आहे.

या यंत्राच्या इतिहासात एक गाव आहे. इटलीतल्या मार्के प्रांतातलं फाब्रियानो तेराव्या शतकापासून कागदासाठी ओळखलं जातं. तिथेच १९५५ मध्ये फाबर आणि १९७० मध्ये एलिका या कंपन्या उभ्या राहिल्या. पुढे दोघीही भारतात आल्या आणि दोघींनीही कारखान्यासाठी पुण्याचा परिसर निवडला. युरोपच्या ओट्यासाठी घडलेलं यंत्र इथे आलं तेव्हा त्याला आपल्या कढईशी जुळवून घ्यावं लागलं. आपल्याकडे पोह्यांपासून आमटीपर्यंत दिवसाची सुरुवात आणि शेवट फोडणीनेच होतो.

आतली रचना साधी आहे. पिंजऱ्यासारखा गोल पंखा मधून हवा ओढतो आणि कडेने जोरात बाहेर फेकतो. त्याच्याआधी जाळी असते. जुन्या चिमण्यांत अॅल्युमिनियमच्या तारांचे पदर असत. त्यांत तेल अडकतं खरं, पण पाहता पाहता जाळीच बुजते. बॅफल फिल्टर अधिक हुशार आहे. स्टीलच्या वाकवलेल्या पट्ट्या एकमेकींत अशा बसवलेल्या असतात की हवेला झटक्यात वळावं लागतं. हवा हलकी, ती वळते. तेलाचा थेंब जड, त्याला वळता येत नाही. तो पट्टीवर आपटतो, ओघळतो आणि खालच्या वाटीत जमतो. तळणाच्या घराला माझा कौल बॅफललाच आहे. फिल्टर नसलेल्या चिमणीत बरंचसं तेल थेट पंख्याच्या कप्प्यात जातं. तिथे ते गरम करून वितळवायची सोय असते आणि तिलाच दुकानात 'ऑटो क्लीन' म्हणतात. सोय चांगली आहे, पण ती पंख्यापुरतीच आहे. बाहेरचा पत्रा, कडा आणि वाटी आपल्याच हाताने पुसावी लागते.

आता खोक्यावरचा आकडा. तिथे 'ताशी १२०० घनमीटर' असं काही लिहिलेलं असतं. आठ बाय दहा फुटांचं, साडेनऊ फूट उंचीचं स्वयंपाकघर घेतलं तर त्यात साधारण साडेएकवीस घनमीटर हवा मावते. हिशेबाने ही चिमणी तासाभरात पंचावन्न वेळा सगळी हवा बदलेल, आणि नेहमीच्या स्वयंपाकाला दहा-पंधरा वेळा पुष्कळ झाल्या. मग घरात वास का राहतो? कारण असा आकडा बहुतेकदा पंख्यापुढे अडथळा नसतानाचा असतो. जाळी लागली, पाइप जोडला, वळणं आली की हवेला प्रत्येक ठिकाणी झगडावं लागतं.

पाइप सहा इंचांचा हवा. भिंतीतलं भोक लहान आहे म्हणून चार इंची पाइप जोडणारे मी पाहिले आहेत. सहावरून चारवर आलं की वाट निम्म्याहूनही लहान होते, ४४ टक्केच उरते. तेवढीच हवा न्यायची तर तिचा वेग सव्वादोनपट होतो आणि घर्षण सात-आठपट. हवा घुमायला लागते, मोटर तापते, माणसं 'कंपनी खराब' म्हणतात. पन्हाळीसारखा चुण्यांचा लवचिक पाइप वापरायचाच असेल तर पूर्ण ताणून, आखूड वापरावा. त्याच्या चुण्यांत हवा अडते आणि तेलही साचतं. गुळगुळीत आतल्या बाजूचा कडक पाइप केव्हाही बरा. काटकोनाचं एकेक वळण काही फूट सरळ पाइपाइतकी ताकद खातं. बाहेरच्या तोंडाला झडप असलेलं झाकण हवं, म्हणजे पावसाचं पाणी आणि शेजारच्या घराचा धूर आत येत नाही, आणि कबुतर घरटं करत नाही. तिथे बारीक जाळी मात्र लावू नये, ती तेलाने महिन्या-दोन महिन्यांत बंद होते. इमारतीच्या शाफ्टमध्ये पाइप सोडण्याआधी वरच्या मजल्यावरच्यांना विचारावं. आपल्या सुक्या बोंबलांचा वास त्यांच्या न्हाणीत निघाला की सोसायटीच्या सभेत तो विषय येतोच.

पाइपच नसलेली, कोळशाचा फिल्टर लावून हवा पुन्हा घरात सोडणारी चिमणीही मिळते. वास थोडा कमी होतो, पण वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड तिथेच राहतात. भाड्याच्या घरात दुसरा इलाज नसेल तर ती घ्यावी आणि खिडकी उघडी ठेवावी. कोळसा धुता येत नाही, तो बदलावाच लागतो.

एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. चिमणी जितकी हवा बाहेर टाकते तितकी कुठून तरी आत यायला हवी. खिडक्या-दारं घट्ट बंद असतील तर ती मिळेल त्या फटीतून येते. घरात गॅस गिझर असेल तर त्याच्या धुराच्या नळीतूनही हवा उलटी येऊ शकते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. गॅस गिझरने बंद न्हाणीघरांत माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. चिमणी पूर्ण वेगात असताना तो गिझर चालू करू नये, आणि स्वयंपाकघराची एक खिडकी किंवा दार जरा उघडं असावं. छतावरचा पंखा मात्र तेवढ्यापुरता बंद ठेवावा, तो लोट विस्कटून टाकतो.

कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेने घरांत बसवलेल्या चिमण्या तपासल्या तेव्हा काही १५ टक्क्यांहून कमी धूर पकडत होत्या, तर काही ९८ टक्क्यांहून जास्त. मागच्या बर्नरवरचा धूर पुढच्यापेक्षा चांगला पकडला जातो, हेही तिथे दिसलं. दिवाळीची चकली तळताना कढई मागच्या बर्नरवर ठेवायला काही खर्च येत नाही. कढई ठेवण्याआधी दोन-तीन मिनिटं चिमणी सुरू करावी आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं चालू राहू द्यावी. भरताचं वांगं भाजताना जाळी तेलकट नाही ना ते बघावं, आणि मोकळी ज्योत चिमणीखाली तशीच सोडून जाऊ नये. साचलेलं तेल पेट घेतं.

साफसफाईला कौशल्य लागत नाही, नेम लागतो. बॅफल महिन्यातून एकदा काढावा, कडकडीत पाण्यात भांडी घासायचा साबण आणि खायचा सोडा घालून अर्धा तास बुडवावा, मऊ ब्रशने घासून पूर्ण वाळवून बसवावा. तारांची जाळी असेल तर पंधरा दिवसांनी. अॅल्युमिनियमला धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक लावू नये, ते काळं पडतं. तेलाची वाटी भरायची वाट पाहू नये. आणि हे सगळं वीज बंद करून. वर्षातून एकदा पंखा आणि पाइप जाणत्या माणसाकडून उघडून घ्यावा. आमच्याकडच्या मेकॅनिकने दुसऱ्या वर्षी एका वळणातून काढलेला तपकिरी, मेणचट गोळा आईने वर्तमानपत्रावर ठेवून सगळ्यांना दाखवला होता.

आमचा पाइप शेवटी आम्ही बदलला. सोसायटीची लेखी परवानगी घेतली, पिलर आणि बीम टाळून बाहेरच्या भिंतीला कोअर कटिंग केलं, शेगडी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेली. अंतर चार फुटांवर आलं, वळण एकच राहिलं. चिमणी तीच आहे, मिरचीची फोडणी आता दिवाणखान्यात ठसका देत नाही. नवं घर घेत असाल किंवा ओटा नव्याने करत असाल, तर ट्रॉल्यांचा रंग ठरवण्याआधी टेप घ्या आणि शेगडीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. सहा इंची भोक फरशा लावायच्या आधीच पाडून घ्या.