गाळ, हवा आणि वीज

३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोन रसायनशास्त्रज्ञांनी एक निबंध वाचला. दोघेही डेव्हीहल्मच्या मैलापाणी केंद्रात काम करत. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर १९१२ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स प्रयोगकेंद्रात जाऊन आले होते. मैलापाण्यात हवा सोडली की ते कसं सुधारतं, हे त्यांनी तिथे पाहिलं होतं. आर्डर्न-लॉकेट यांनी बाटल्यांत मैलापाणी भरून त्यात हवा सोडली. पाणी पुरतं शुद्ध व्हायला पहिल्या खेपेस सुमारे पाच आठवडे लागले.

मग वरचं पाणी त्यांनी निथळून काढलं. तळाचा गाळ मात्र फेकला नाही. त्याच गाळावर ताजं मैलापाणी ओतून पुन्हा हवा सोडली. असं करत गेल्यावर दर खेपेला वेळ घटला आणि आठवड्यांचं काम काही तासांवर आलं. मागे ठेवलेला गाळ म्हणजे जिवाणूंचं विरजणच होतं. या ‘सक्रिय गाळ’ पद्धतीवर आजही जगातली असंख्य केंद्रं चालतात. फाउलर पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि या विषयावरचं संशोधन भारतातही सुरू झालं.

पद्धत उत्तम, पण ती महाग पडते. गाळातल्या जिवाणूंना अहोरात्र प्राणवायू लागतो आणि टाक्यांत हवा फुंकणारे ब्लोअर केंद्राची साधारण निम्मी वीज खातात. म्हणून गेल्या काही दशकांतलं महत्त्वाचं संशोधन एका प्रश्नाभोवती फिरत आलं आहे: कमी हवेत तेवढंच काम कसं करून घ्यायचं?

पहिलं मोठं उत्तर कागदावर सापडलं. मैलापाण्यातला अमोनिया घालवायचा तर प्राणवायू भरपूर लागतो, असं सगळे धरून चालले होते. व्हिएन्नाचे एंगेलबर्ट ब्रोडा यांनी ऊर्जेचा हिशेब मांडून १९७७ मध्ये सांगितलं, की प्राणवायूवाचून अमोनियावर जगणारे जिवाणू निसर्गात असायला हवेत. नंतर नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथल्या एका यीस्ट कारखान्याच्या सांडपाणी संयंत्रात अमोनिया कुठे नाहीसा होतो, हे कोडं पडलं, आणि त्याचा शोध घेताना हे जिवाणू सापडले. ते अमोनिया आणि नायट्राइट यांची सांगड घालून निरुपद्रवी नायट्रोजन वायू बनवतात. त्यामुळे अमोनियाचा साधारण अर्धाच भाग नायट्राइटपर्यंत न्यावा लागतो आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू सुमारे ६० टक्क्यांनी वाचतो. या प्रक्रियेचं नाव अ‍ॅनामॉक्स. अडचण एकच: हे जिवाणू फार सावकाश वाढतात. २००२ मध्ये रॉटरडॅमला पहिलं पूर्ण आकाराचं संयंत्र उभं राहिलं, पण ते लयीत यायला साडेतीन वर्षं लागली. आता चालत्या संयंत्रातला गाळ नव्या ठिकाणी नेता येतो, त्यामुळे ही प्रतीक्षा पुष्कळ कमी झाली आहे.

दुसरं उत्तर डेल्फ्टच्याच विद्यापीठातून आलं. नेहमीचा गाळ कापसासारखा भुसभुशीत असतो आणि सावकाश बसतो, म्हणून त्याला मोठ्या निवळ टाक्या लागतात. मार्क व्हॅन लूसड्रेख्त आणि सहकाऱ्यांनी जिवाणूंना घट्ट दाणे धरायला लावलं. दाण्याच्या बाहेरच्या थरात प्राणवायू पोचतो, गाभ्यात पोचत नाही. म्हणून प्राणवायूने होणारी आणि प्राणवायूवाचून होणारी अशा ज्या दोन प्रक्रियांना एरवी वेगळ्या टाक्या लागत, त्या एका दाण्यात घडतात. दाणे काही मिनिटांत तळाला बसतात. साहजिकच जागाही वाचते, वीजही वाचते. नेदरलँड्समधल्या एपे गावात २०१२ मध्ये असं केंद्र सुरू झालं.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार शहरी भारतात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं. उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर, आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती २०,२३५ दशलक्ष लिटरवर. म्हणजे जी केंद्रं बांधली, तीही पुरेशी वापरली जात नाहीत. यामागे कारणं अनेक असली, तरी विजेचं बिल हे त्यांतलं ठळक कारण आहे. महापालिकेला परवडत नसलेलं केंद्र नदीच्या उपयोगाचं नाही.

महाराष्ट्रात यावर काम झालेलं आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीत खडीच्या थरांतून पाणी उताराने वाहतं; पाणवनस्पतींची मुळं आणि त्यांच्याभोवतीचे जिवाणू ते शुद्ध करतात. ब्लोअर लागत नाही. जागा जास्त लागते, म्हणून वसाहती, शाळा, छोटी गावं यांना ती सोयीची. दुसरीकडे भांडेवाडी केंद्रात शुद्ध केलेलं नागपूरचं मैलापाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिलं जातं. त्यामुळे पिण्याच्या पाण्यावरचा ताण हलका होतो आणि शुद्ध केलेल्या पाण्याला गिऱ्हाईक मिळतं.

म्हणून नव्या केंद्राची निविदा निघेल तेव्हा ‘बांधायला किती?’ याच्या आधी तीन प्रश्न विचारायला हवेत. दर दशलक्ष लिटरला किती युनिट वीज लागेल? वीस वर्षं ते बिल कोण भरेल? आणि शुद्ध झालेलं पाणी कोण घेईल? ही उत्तरं नागरिकांसमोर ठेवणं महापालिकांना बंधनकारक करावं. प्रयोगशाळांनी आपलं काम शंभर वर्षं चोख केलं आहे. नद्या स्वच्छ होतील की नाही, हे आता आपण केंद्र चालवण्याच्या खर्चाला किती महत्त्व देतो यावर ठरेल.