पंखाच्या कडेवरची पट्टी

आमच्या नववी-दहावीच्या मुलांना पहिली वीस मूलद्रव्ये सांगताना घाम फुटतो. पण शाळेसमोरून गेलेली गाडी कोणत्या कंपनीची, हे ती न पाहता आवाजावरून सांगतात. त्यांच्यापैकीच एकाने भर तासाला विचारले, "टीचर, गाडीच्या डिकीवर मागे ती फळी बसवतात ना, तिने गाडी जास्त पळते का?" मी उर्दू आणि मराठी शिकवते, हा प्रश्न खरे तर विज्ञानाच्या सरांचा. पण प्रश्न ज्याला विचारला त्याने उत्तर शोधावे, असा माझा रिवाज आहे. शोधता शोधता एक अशी हकीकत हाती लागली की ती घरातल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या अब्बा-अम्मींनीही वाचावी असे वाटले.

आधी सरळ उत्तर. त्या फळीने, म्हणजे स्पॉयलरने, गाडी पळत नाही. शर्यतीच्या गाडीवर जो मोठा पंख असतो, तो तर सरळ रस्त्यावर गाडीला मागेच ओढतो. तरी तो बसवतात, कारण शर्यतीत वेळ वाचवायचा तो वळणावर. वळताना गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून टायरने रस्ता घट्ट धरावा लागतो आणि टायर जितक्या जोराने खाली दाबला जाईल तितका तो घट्ट धरतो. आता गाडीत दगड भरले तर टायर दाबला जाईल खरा, पण तेच वजन वळणावर गाडीला बाहेर ओढेल आणि वेग घ्यायलाही आडवे येईल. म्हणून वजन न वाढवता दाब वाढवायचा. हे काम हवेकडून करून घेतात. विमानाचा पंख उलटा करून गाडीवर बसवला की विमानाला वर उचलणारी हवा गाडीला खाली दाबू लागते. या दाबाला डाउनफोर्स म्हणतात. आणि हा दाब देताना हवा जी वसुली करते, म्हणजे गाडीला मागे खेचते, तिला ड्रॅग म्हणतात. शर्यतीच्या गाडीची सारी कारागिरी या दोहोंच्या हिशेबात आहे: दाब किती मिळाला आणि त्याची किंमत किती मोजली.

हवा दिसत नाही, म्हणून पाण्यावर पाहू या. स्वयंपाकघरातला नळ बारीक धारेने सोडा. चमच्याचा दांडा दोन बोटांत सैल धरून लोंबता ठेवा आणि त्याची फुगीर पाठ धारेजवळ न्या. धार चमच्याला दूर ढकलेल असे वाटते. होते उलटे. चमचा धारेत ओढला जातो. नीट पाहिलेत तर धारही सरळ खाली पडत नाही. ती फुगीर पाठीला चिकटून वळते आणि चमच्याच्या बाजूला फेकली जाते. पाणी एकीकडे वळले, चमचा दुसरीकडे गेला. गाडीवरच्या उलट्या पंखाचे नेमके हेच आहे. त्याची फुगीर बाजू खाली असते. हवा तिला चिकटून वळते, मागे जाताना वर फेकली जाते आणि पंख खाली दाबला जातो.

म्हणजे पंख सोडताना हवा कोणत्या दिशेने जाते, यावर सारे अवलंबून. ती आणखी वर वळावी म्हणून पंख आणखी तिरका करता येतो, पण त्याला हद्द आहे. फार तिरका केला की पंखाखालची हवा त्याला चिकटून राहत नाही, सुटते. मग दाब जातो आणि ड्रॅग मात्र वाढतो. हवा नीट निसटावी म्हणून पंखाची मागची कड सुरीच्या धारेसारखी पातळ ठेवायची, हे विमान बनवणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेले होते. त्या पातळ कडेवर आडवा पत्रा उभा करणे हा त्यांच्या दृष्टीने शुद्ध अडाणीपणा ठरला असता.

तो अडाणीपणा केला डॅन गर्नी या अमेरिकी माणसाने. १९३१ साली जन्मलेला हा गृहस्थ स्वतः मोठा शर्यतपटू. १९६७ च्या जून महिन्यात त्याने साथीदाराबरोबर फ्रान्समधली ल मान्स ही चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि पुढच्याच आठवड्यात बेल्जियमची ग्रां प्री जिंकली, तीही आपल्याच कारखान्याने बनवलेल्या ईगल गाडीतून. १९७० मध्ये त्याने शर्यती सोडल्या आणि कॅलिफोर्नियातल्या आपल्या कारखान्यात तो गाड्या बनवू लागला.

१९७१ साली ॲरिझोनातल्या फीनिक्सच्या ट्रॅकवर त्याच्या गाडीची चाचणी चालू होती. चालक होता बॉबी अन्सर. तीन दिवस झाले तरी वेळ काही सुधारेना. अन्सर वैतागून गर्नीला म्हणाला, काहीतरी कर. गर्नीला जुने दिवस आठवले. त्याच्या उमेदीच्या काळात काही गाड्यांच्या मागच्या टोकाला पत्र्याची उभी पट्टी लावून पाहिली जात असे. ती गाडीच्या अंगावर चालत होती, तर पंखाच्या कडेवर का चालू नये? तासाभराच्या आत पट्टी तयार झाली. पत्रा काटकोनात वाकवून त्याने तो मागच्या पंखाच्या कडेवर वरच्या बाजूला बसवला.

अन्सर गाडी घेऊन फिरून आला. वेळ तितकाच, वाईटच. पण त्याने गर्नीच्या कानाशी येऊन जे सांगितले ते वेगळे होते. मागची चाके इतकी घट्ट बसली होती की आता पुढची चाके कमी पडत होती. गाडी वळायला मागेना. याचा अर्थ मागे दाब भरपूर मिळाला होता, फक्त पुढे त्याच्या जोडीचा दाब नव्हता. पुढच्या पंखांतून तो वाढवला की काम फत्ते. मला या हकिकतीत अन्सरचे कौतुक वाटते. घड्याळ 'नापास' म्हणत असताना गाडी अंगाला काय सांगते ते त्याने ऐकले. केवळ वेळ पाहिली असती तर पट्टी त्याच दिवशी भंगारात गेली असती.

अन्सरने गर्नीला तोंड बंद ठेवायला सांगितले. प्रतिस्पर्धी विचारू लागले, ही पट्टी कशाला? गर्नीने सांगितले, गाडी हाताने ढकलताना पातळ कडेने कोणाचा हात कापू नये म्हणून. काहींनी ते खरे मानले आणि आपल्या गाड्यांवर पट्टी लावली, पण ढकलायला अधिक सोयीची व्हावी म्हणून खालच्या बाजूला वळवून. त्यांच्या गाड्यांचा दाब वाढण्याऐवजी घटला. धंद्याचे गुपित राखणे आणि खोटे सांगणे यांत फरक आहे, हे मी मुलांना सांगत असते, त्यामुळे ही जागा मला थोडी खटकते. हसू आले, हेही खरे.

१९७२ च्या इंडियानापोलिसला अन्सरने ईगलमधून ताशी सुमारे ३१५ किलोमीटर वेगाने पात्रता फेरी मारली. आदल्या वर्षीचा सर्वोत्तम वेग होता सुमारे २८८. त्या वर्षी पंखांचे नियम सैल झाले होते आणि गाडीही नवी होती. तेव्हा हे सारे श्रेय एका पट्टीला देऊ नये.

पट्टी नेमके काय करते, हे कारागिराला ठाऊक नव्हते. त्याला फक्त ती चालते हे ठाऊक होते. उत्तर शोधले रॉबर्ट लीबेक यांनी. ते डग्लस या विमान कंपनीत पंखांचा अभ्यास करत. त्यांनी पंखाच्या रुंदीच्या सव्वा टक्का उंचीची पट्टी लावून तिची हवेच्या बोगद्यात चाचणी घेतली. दाब वाढला, आणि नवल म्हणजे ड्रॅग वाढण्याऐवजी किंचित कमी झाला. १९७८ मध्ये त्यांनी हे छापले. 'गर्नी फ्लॅप' हे नावही तेव्हापासून रूढ झाले.

लीबेक यांचा खुलासा असा. पंखाच्या वरच्या बाजूने येणारी हवा पट्टीपाशी अडते आणि तिथे दाबून बसते. तो दाब पंखाला खाली लोटतो. पट्टीच्या मागे हवेचे दोन छोटे भोवरे तयार होतात, एक उजवा फिरणारा, एक डावा. त्या जागी दाब कमी असतो. पंखाखालची हवा, जी एरवी कंटाळून सुटली असती, ती या कमी दाबाकडे ओढली जाते, कडेपर्यंत चिकटून राहते आणि वर वळून बाहेर पडते. पंख आहे तेवढाच, पण हवेला तो जास्त वाकलेला वाटतो.

यातली खरी खुबी उंचीत आहे. पंखाच्या अंगालगत मंद हवेचा एक पातळ थर असतो. पट्टी साधारण त्या थराइतकीच असली की तिचा मोबदला चांगला मिळतो. सर्वसाधारण माप पंखाच्या रुंदीच्या एक ते दोन टक्के. पंख पुढून मागे तीस सेंटिमीटर रुंद असेल तर पट्टी तीन ते सहा मिलिमीटर. बस्स, एवढीच. दोन टक्क्यांच्या वर गेलात की दाब वाढत राहतो, पण ड्रॅग त्याहून वेगाने वाढू लागतो आणि सौदा तोट्यात जातो. पंख फारसा तिरका नसेल, त्याच्याकडून थोडेच काम घ्यायचे असेल, तर छोटी पट्टीसुद्धा फुकटचा ड्रॅग ठरू शकते. म्हणून शर्यतीचे संघ प्रत्येक ट्रॅकसाठी पट्टी बदलतात. जास्त वळणे असतील तिथे उंच, लांब सरळ रस्ते असतील तिथे आखूड किंवा मुळीच नाही.

आता आपल्या रस्त्यांकडे येऊ. डाउनफोर्स आणि ड्रॅग दोन्ही वेगाच्या वर्गाने वाढतात. वेग दुप्पट तर जोर चौपट. समजा, एखादा पंख ताशी २४० वेगाला १६० किलो वजनाइतका दाब देतो. तोच पंख ताशी ६० ला, म्हणजे चौथ्या हिश्श्याच्या वेगाला, फक्त १० किलोचा दाब देईल. डिकीत तांदळाची एक छोटी गोणी ठेवल्यासारखे! शिवाय आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाके इंजिनाने फिरतात. डिकीच्या टोकावरचा दाब मागच्या चाकांच्याही मागे पडतो, त्यामुळे लहान मुलांच्या सी-सॉसारखे पुढचे टोक उलट जरासे हलकेच होते. अन्सरला जी अडचण आली तीच, फक्त बिनाशर्यतीची. कंपनीने स्वतः बसवलेला छोटा स्पॉयलर वेगळा. तो त्या गाडीवरून जाणारी हवा बोगद्यात तपासून बसवलेला असतो, आणि कधी कधी तो गाडीमागची खळबळ कमी करून ड्रॅग घटवतोही. ॲक्सेसरीच्या दुकानातली फळी ज्या गाडीवर बसते, तिच्यावर ती कोणीच तपासलेली नसते. मुलाने हट्ट धरला तर शोभेची वस्तू म्हणून खुशाल घेऊन द्या, पण तिच्या भरवशावर वळणावर वेग घेता येत नाही, हे त्याला चमचा आणि नळ घेऊन दाखवा.

गर्नीला या पट्टीचे पेटंट काही मिळाले नाही. झापार्का नावाच्या गृहस्थाने विमानाच्या पंखाच्या कडेवर बसणाऱ्या अशाच एका हलत्या पट्टीचे पेटंट १९३० च्या दशकातच घेऊन ठेवले होते. गर्नीने दुसऱ्याच वाटेने येऊन ती पुन्हा शोधली होती. शर्यतीच्या मैदानातून पट्टी पुढे आकाशातही गेली. सिकोर्स्की कंपनीच्या एस-७६बी हेलिकॉप्टरच्या चाचण्या चालू असताना त्याच्या शेपटीकडचा आडवा पंख पुरेसा जोर देत नाही असे दिसून आले. सगळा पंख नव्याने आखण्याऐवजी इंजिनिअरांनी त्याच्या मागच्या कडेवर गर्नीची पट्टी बसवली आणि तेवढ्याने भागले. तो पंखही शर्यतीच्या गाडीवरच्या पंखासारखा उलटाच बसवलेला होता.