काठी कुणाच्या हातात?

पाण्यावर गावात कार्यशाळा घ्यायची म्हटली, की आपण तक्ते आणि भाषण तयार करून नेतो. लोक शांतपणे ऐकतात, चहा होतो, आणि नव्या विहिरीची जागा आधी ठरली होती तीच राहते. लोकांना विषय समजला नाही, असे मग आपण म्हणतो. वास्तविक त्यांना काही विचारलेलेच नसते.

या अडचणीवर 1980 च्या दशकाच्या अखेरीस भारतात आणि केनियात एक पद्धत आकाराला आली. तिचे नाव सहभागी ग्रामीण मूल्यावलोकन; कार्यकर्ते तिला नुसते पी.आर.ए. म्हणतात. कर्नाटकातील मायराडा ही संस्था आणि इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाशी संबंधित रॉबर्ट चेंबर्स यांचा तिच्या प्रसारात मोठा वाटा आहे. नकाशा काढायची काठी गावकऱ्यांच्या हाती द्यावी आणि आपण गप्प बसावे, हे तिचे मुख्य सूत्र.

शाळेचे अंगण झाडून घ्यावे. रांगोळी, विटेचा चुरा, खडे, चिंचोके ठेवावेत. "गावातल्या विहिरी कुठेकुठे आहेत, दाखवता का?" एवढे विचारून बाजूला व्हावे. सुरुवातीला कुणीच पुढे येत नाही. नेमक्या याच वेळी आपल्यातली मास्तरकी उफाळून येते आणि काठी परत आपल्या हाती जाते!

कागदाऐवजी जमीनच का? कागदावर पेन एकाच्याच हातात असते आणि ते बहुधा शिकलेल्याच्या. जमिनीवरच्या नकाशाभोवती चारही बाजूंनी माणसे बसतात. त्यांची नजर साहेबाच्या तोंडाकडे न राहता नकाशावर राहते. एकाने ठेवलेला खडा दुसऱ्याने सरकवला तरी कुणाचा अपमान होत नाही.

आता प्रत्येक विहिरीपाशी, तिला जितके महिने पाणी असते तितके चिंचोके ठेवायला सांगावे. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी एकसंध साठलेले नसते. ते मुरमात, खडकाच्या भेगांत आणि थरांच्या सांध्यांत असते. म्हणून शंभर पावलांवरच्या दोन विहिरींपैकी एक मार्चमध्ये आटते, तर दुसरी मे संपेपर्यंत पुरते. हा फरक टिपायचा तर भूजलशास्त्रज्ञाला निदान वर्षभर पातळ्या मोजाव्या लागतील. रोज पाणी शेंदणाऱ्या बाईला तो तोंडपाठ असतो. अर्थात आठवणीला मापाची अचूकता नसते, दुष्काळी साल जास्त ठळकपणे लक्षात राहते. म्हणून पडताळा घ्यायचाच.

मात्र 'गाव' म्हणजे कोण, हे आधी पाहावे. सरपंच आणि बागायतदारच बोलत असतील, तर काठी फक्त एका साहेबाकडून दुसऱ्याकडे गेली. बायकांचा नकाशा वेगळा, वस्त्यांचे वेगळे काढून घ्यावेत आणि शेजारी शेजारी ठेवावेत. पुरुषांच्या नकाशात बोअर आणि पाइपलाइन ठळक असेल, तर बायकांच्या नकाशात हातपंपावरची रांग. एखाद्या वस्तीपाशी एकही चिंचोका नसेल. नवी विहीर कुठे, हा वाद तिथून खरा सुरू होतो. तो कडवट होऊ शकतो. मध्ये पडून घाईने मिटवू नये.

लोकांनी पुढाकार घ्यायचा म्हणजे त्यांचे सगळेच खरे मानायचे का? पाणाड्याने नारळ घेऊन दाखवलेल्या जागेचा विषय हमखास निघतो. त्याची टिंगल केली की संवाद संपला. त्यापेक्षा नकाशावरच मोजदाद सुचवावी : पाणाड्याने सांगितलेल्या बोअर किती, त्यांतल्या कोरड्या किती; न विचारता घेतलेल्या किती, त्यांतल्या कोरड्या किती. खडे मांडले की हिशेब सर्वांसमोर असतो. निकाल त्यांनीच वाचावा. आकडे थोडे असतील तर त्यावरून फार काही ठरत नाही, एवढे आपण सांगावे.

संध्याकाळी नकाशाची कागदावर नक्कल करून ती गावातच ठेवावी. पुढचे काम आठवीच्या मुलांना जमण्याजोगे आहे : वजन बांधलेली, मीटरच्या खुणा केलेली दोरी घेऊन दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, सकाळी उपसा सुरू होण्यापूर्वी, प्रत्येक विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजायचे आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचे.