मुदतीचा माणूस : प्रशिक्षकांच्या निरोपाविषयी काही गैरसमज

ठाण्याहून भिवंडीकडे निघालेल्या माणसाला बाळकुम मागे टाकून खाडीवरचा पूल ओलांडताच जे गाव लागते, ते आमचे कशेळी. एके काळी भातशेतीचे आणि खाडीच्या मासळीचे, आता गोदामांच्या रांगांचे आणि त्यांच्या दाराशी तासन्‌तास ताटकळणाऱ्या मालमोटारींचे. येथली पुष्कळशी मुले महाविद्यालयाच्या शिक्षणासाठी हाच पूल ओलांडून ठाण्याला जातात, आणि त्यांच्यातलाच एक, जो आपल्या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात उजव्या बगलेवर खेळतो, तो गेल्या हंगामाच्या अखेरीस एका संध्याकाळी खांद्यावरची पिशवी नाक्यावरच्या बाकावर टाकून मला म्हणाला, "काका, सर गेले. दोघे असिस्टंटही गेले. आता आमची टीम संपलीच समजा." शेजारी बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी लगेच निदान केले, की काढून टाकले असतील, आणि दुसऱ्याने तितक्याच निश्चयाने सांगितले, की कुठेतरी चार पैसे जास्त मिळाले असतील, दुसरे काय?

काढले असतील, पैशासाठी गेले असतील, आणि आता संघ संपला, ही तीन वाक्ये मी त्यापूर्वीही पुष्कळदा ऐकली होती. मुंबईच्या वा गोव्याच्या व्यावसायिक संघाचा प्रशिक्षक बदलला तरी हीच वाक्ये उच्चारली जातात, आणि एखाद्या रणजी संघाचा प्रशिक्षक दुसऱ्या राज्यात गेला तरीही हीच. ती द्वेषाने उच्चारली जात नाहीत, हे मी जाणतो. त्यांच्या मुळाशी आपल्या मनात खोल रुजलेली गुरूची कल्पना आहे. शिवाजी पार्कवर पिढ्यामागून पिढ्या घडवणारे आणि १९९० साली द्रोणाचार्य पुरस्काराने गौरवले गेलेले रमाकांत आचरेकर, किंवा १९५० पासून १९६३ च्या जूनमध्ये मृत्यू येईपर्यंत भारतीय फुटबॉल संघाची धुरा वाहणारे आणि १९५१ व १९६२ अशी दोन आशियाई सुवर्णपदके मिळवून देणारे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, यांच्यासारख्या पुरुषांना पाहून आपण असे धरून चालतो, की प्रशिक्षक म्हणजे एका जागी आयुष्य वेचणारा मनुष्य. आणि जो तसे करीत नाही त्याच्यात काहीतरी उणे असले पाहिजे.

वस्तुस्थिती अशी, की आजच्या प्रशिक्षकाचे पद हे वतन नव्हे. पेशवाईत देशमुख-देशपांड्यांचे वतन पिढीजात चाले, परंतु कमाविसदाराची नेमणूक हुजुरातून होई आणि ती मुदतीची असे; मुदत सरली की तो दप्तर सोपवून दुसऱ्या महालात जाई, आणि त्यात कोणी त्याची अप्रतिष्ठा मानीत नसे. प्रशिक्षक हा या अर्थाने कमाविसदार आहे. आपल्याकडच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्याचा करारनामा एका, दोन वा तीन हंगामांचा असतो आणि सामान्यतः मे महिन्याच्या अखेरीस संपतो. म्हणून निरोपाच्या बातम्याही त्याच सुमारास येतात. मुदत संपणे, उभय पक्षांच्या संमतीने करार आटोपता घेणे, स्वतः राजीनामा देणे आणि बडतर्फ होणे, या चार सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत; परंतु नाक्यावर पोचेपर्यंत या चारींचे मिळून एकच क्रियापद उरते, आणि ते म्हणजे 'काढले'.

महाविद्यालयांत तर हा प्रकार याहूनही साधा असतो. तेथे कायम हुद्दा असतो तो शारीरिक शिक्षण संचालकाचा; फुटबॉलचा प्रशिक्षक बहुधा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या काळापुरता, ठरीव मानधनावर बोलावलेला असतो. स्पर्धा आटोपल्या की त्याचे काम आटोपते. असा एक निरोप मी जवळून पाहिला आहे. जिमखान्याच्या खोलीत टेबलावर डेडस्टॉक रजिस्टर उघडे होते. प्रशिक्षक एकेक वस्तू पुढे ठेवीत होते, चेंडू अकरा, पैकी दोन पंक्चर, प्लास्टिकचे शंकू चोवीस, पिवळ्या बिब चौदा, हवा भरण्याचा पंप एक. कारकून प्रत्येक नोंदीपुढे खूण करीत होता, आणि शेवटी किल्ली त्याच्या हाती देऊन प्रशिक्षकांनी सही केली. शिटी मात्र त्यांनी गळ्यातून काढून खिशात ठेवली, कारण ती त्यांच्या स्वतःच्या पैशाची होती. कोणी कोणाला काढले नव्हते. त्या हंगामाच्या मानधनाचा शेवटचा हप्ता त्यांना पुढच्या दिवाळीनंतर मिळाला, ही गोष्ट मला अजून सलते.

आता पैशाविषयी. अधिक मोबदल्यासाठी माणसे जागा बदलतात हे खरे, आणि त्यात लाजिरवाणे असे काही मला दिसत नाही. परंतु पैसा हेच एकमेव कारण असते हा समज चुकीचा आहे. चंद्रकांत पंडित यांनी विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन रणजी करंडक जिंकून दिले, आणि २०२० मध्ये ते मध्य प्रदेशकडे गेले. १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशाचा कर्णधार म्हणून त्यांनी पराभव सोसला होता. २६ जून २०२२ रोजी त्याच मैदानावर, त्याच राज्याचे प्रशिक्षक म्हणून, त्यांनी आपल्या जन्मभूमीच्या मुंबई संघाला हरवून तो करंडक मिळवला. तेवीस वर्षांपूर्वीचे हे देणे वेतनाच्या आकड्यात कसे मोजणार? दुसरे उदाहरण ओंकार साळवी यांचे. २०२३-२४ मध्ये मुंबईने बेचाळिसावा रणजी करंडक जिंकला तेव्हा ते प्रशिक्षक होते. पुढच्या नोव्हेंबरात बंगळूरच्या आयपीएल संघाने त्यांना गोलंदाजीचे प्रशिक्षक नेमले, तेव्हाच हेही जाहीर झाले, की मार्च २०२५ पर्यंतची मुंबईची जबाबदारी पार पाडूनच ते तेथे रुजू होतील. मुदत पाळून जाण्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. आणि खालिद जमील, जे मुंबईत खेळले आणि पुढे मुंबई एफसीचे प्रशिक्षक राहिले, त्यांनी २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉलसारख्या लहान संघाला आय-लीग जिंकून दिली आणि हंगाम संपताच ते ईस्ट बंगालकडे गेले. त्या वेळी कुरकुर झालीच असेल, परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये हेच गृहस्थ भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

त्या मुलाच्या मनातला, संघच संपला हा गैरसमज मात्र सर्वांत खोल होता, आणि त्याचे उत्तर गोव्यात आहे. ३१ जानेवारी २०२० रोजी इंडियन सुपर लीग या साखळी स्पर्धेतल्या एफसी गोवा या क्लबने आपले स्पॅनिश प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा यांना दूर केले, आणि तेही संघ अव्वल स्थानाच्या शर्यतीत असताना व साखळीचे केवळ तीन सामने उरले असताना. ही मुदतसमाप्ती नव्हती, ही बडतर्फीच होती, आणि तिच्या शहाणपणाविषयी मला आजही शंका आहे. परंतु पुढे काय घडले ते पाहा. गोव्याचेच सुपुत्र क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे तात्पुरती सूत्रे आली; हैदराबादवर चार विरुद्ध एक, मुंबई सिटीवर पाच विरुद्ध दोन आणि १९ फेब्रुवारीला जमशेदपूरवर पाच विरुद्ध शून्य अशा विजयांनी संघाने साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळणारे पहिले शील्ड मिळवले, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोचणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. बाद फेरीत तो संघ चेन्नईयिनकडून हरला, हेही सांगितले पाहिजे. तथापि ज्या संघाला दीर्घ काळ एका पद्धतीने घडवलेले असते, त्याच्या पायांत ती पद्धत उतरलेली असते. प्रशिक्षकाच्या पाठोपाठ ती रेल्वेस्थानकावर चालत जात नाही.

आणि लोबेरांचे काय झाले? ते मुंबई सिटीकडे आले, आणि गोव्यात त्यांच्या हाताखाली खेळलेले मंदार राव देसाई, अहमद जाहूह, मुर्तदा फॉल व ह्यूगो बूमूस हेही मुंबईच्या पोशाखात दिसू लागले. करोनाच्या साथीमुळे तो सारा हंगाम गोव्यातच, रिकाम्या प्रेक्षागारांसमोर खेळवला गेला. उपांत्य फेरीत मुंबईने पेनल्टींवर हरवले ते एफसी गोव्यालाच, आणि १३ मार्च २०२१ रोजी मडगावजवळच्या फातोर्ड्याच्या मैदानावर एटीके मोहन बागानला दोन विरुद्ध एक असे नमवून, शील्डबरोबरच करंडकही पटकावला. ज्या भूमीतून त्यांना जावे लागले होते तेथेच ते दोन्ही मान घेऊन उभे राहिले. म्हणजे गेलेला माणूस संपला असे नाही, आणि मागे राहिलेला संघ संपला असेही नाही. एकाच घटनेने दोन्ही समज खोडून काढले आहेत.

मुंबई सिटीने पुढे हाच धडा पुन्हा गिरवला. लोबेरा ऑक्टोबर २०२१ मध्ये गेले, डेस बकिंगहॅम आले, त्यांनी २०२२-२३ चे शील्ड मिळवले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते इंग्लंडातील ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले, आणि पीटर क्रात्की यांच्या हाताखाली त्याच संघाने ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला हरवून करंडक जिंकला. विदर्भानेही पंडितांनी संघ सोडल्यानंतर उस्मान गनी यांच्या मार्गदर्शनाखाली २०२४-२५ चा रणजी करंडक पुन्हा जिंकला.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलचा उल्लेख येथे करतो, कारण तेथल्या बातम्या आता आपल्या मुलांच्या फोनवर येऊन पोचतात आणि तिकडचे नियम आपल्याकडेही असावेत असे त्यांना वाटू लागते. तो खेळ लांबोळक्या चेंडूचा आणि मुख्यतः हाताने खेळायचा. त्याचा प्रशिक्षक हा विद्यापीठाचा कोट्यवधींचे वेतन घेणारा सेवक असतो. नियमित हंगाम नोव्हेंबरच्या अखेरीस संपतो, शाळकरी खेळाडूंशी करार करण्याचा पहिला काळ डिसेंबरात येतो, म्हणून नवा प्रशिक्षक नेमण्याची घाई त्या मधल्या थोड्या दिवसांत होते, आणि सारी स्थित्यंतरे एकाच वेळी घडल्यासारखी दिसतात. सात राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवणारे अलाबामाचे निक सेबन १० जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झाले तेव्हा तेथील खेळाडूंना दुसरे विद्यापीठ निवडण्यासाठी तीस दिवसांची मुभा मिळाली होती. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत असे काही नाही. सर गेले म्हणून मुलाला महाविद्यालय बदलावे लागत नाही, आणि त्याने बदलूही नये.

ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, तिच्याकडे वळतो. 'सर गेले' या दोन शब्दांत वस्तुतः एक माणूस नव्हे, एक ताफा जात असतो : सहायक प्रशिक्षक, गोलरक्षकांचा प्रशिक्षक, शरीरबल सांभाळणारा, स्नायूंची दुखणी पाहणारा, आणि व्यावसायिक संघांत सामन्यांच्या चित्रफिती तपासून टिपणे काढणारा विश्लेषक. या प्रत्येकाचा करार वेगळा असला तरी मुख्य प्रशिक्षकाबरोबर बहुधा त्यांचीही गच्छंती होते, कारण नवा येणारा आपली माणसे आणतो. आणि यात त्याचे स्वतःचे असे कारणही आहे, की सरावातल्या शेकडो लहान सूचना रोज नव्याने समजावीत बसण्याइतका वेळ त्याच्यापाशी नसतो. परंतु ज्याने पावसात गोलरक्षकाला दोनदोनशे चेंडू अडवायला लावले, त्याला ना निरोपाचा हार मिळतो ना वर्तमानपत्रात ओळ. मुख्य प्रशिक्षकाला बहुधा पुढची जागा मिळते. सहायकाला मिळेलच असे नाही. कशेळीच्या त्या मुलाला मी विचारले, की ते दोघे सहायक आता कुठे आहेत, तेव्हा त्याला ते सांगता येईना. त्यांची पूर्ण नावेही त्याला ठाऊक नव्हती. तो चांगला मुलगा आहे, तो ओशाळला, आणि त्याच रात्री त्याने दोघांनाही फोन केला.

महाविद्यालयांच्या चालकांना माझी विनंती आहे : प्रशिक्षकाचे मानधन ज्या दिवशी तो रजिस्टरवर सही करून किल्ली परत करतो त्याच दिवशी चुकते करावे, पुढच्या हंगामाचा निर्णय त्याला जूनपूर्वी कळवावा, आणि वार्षिक अंकात संघाचे जे छायाचित्र छापले जाते, त्याच्याखाली खेळाडूंच्या नावांबरोबर सहायकांचीही पूर्ण नावे छापावीत.