चैत्रातलं अस्वल

ग्वाल्हेरच्या रानवाटा : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण शिवपुरीच्या पठारावरची झाडं ओळखायला शिकलो: धावडा, खैर, सालई, तेंदू, मोह. आज याच रानात अस्वल पाहायला जाण्याचा विचार करू.

हा मुलूख शिंद्यांच्या शिकारीचा. शिवपुरी ही ग्वाल्हेर संस्थानाची उन्हाळी राजधानी होती आणि माधवराव शिंदे महाराजांनी १९२० साली वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तक लिहिलं होतं. त्या काळचा जाणता शिकारी अनोळखी डोंगरात बंदूक उचलण्याआधी तीन प्रश्न विचारी: जनावर खातं काय, पितं कुठे आणि दिवसा पडून राहतं कुठे? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज अस्वलाच्या शिकारीवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण ते तीन प्रश्न या डोंगरात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाने आजही विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न खाण्याचा. अलास्कात वसंतात अस्वल गुहेतली लांबलचक झोप संपवून बाहेर येतं आणि बर्फ वितळलेल्या उतारावरचं कोवळं गवत शोधतं. म्हणून तिथले शिकारी दुर्बिणीने उघडे उतार धुंडाळतात. आपलं अस्वल असं झोपत नाही. त्याचा वसंत मोहाच्या फुलांचा. रात्री आणि पहाटे फुलं गळतात, त्याच वेळी ते झाडाखाली येतं. बाकी दिवसांत त्याची भिस्त वाळवीवर. त्याला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी जोराने ओढून घेतं आणि तो आवाज शंभर मीटरवरही ऐकू येतो. उकरलेली वारुळं, खोडावरचे नखांचे ओरखडे, विष्ठेतल्या बोराच्या बिया या त्याच्या वावराच्या खुणा.

दुसरा पाण्याचा. चैत्रात नाले आटतात आणि मोजके डोह उरतात. डोहाकाठच्या ओल्या मातीत मागच्या पायाचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलासारखा दिसतो, पुढे लांब नखांची टोकं उमटलेली. तिसरा विसाव्याचा. उन्हं चढली की अस्वल खडकांच्या कपारीत किंवा नाल्याकाठच्या दाट झुडपात शिरतं. अनेकदा सोबत पिल्लं असतात. आई त्यांना पाठीवर घेऊन हिंडते.

इथवर आपली आखणी शिकाऱ्याचीच आहे. इथून पुढे मात्र ती उलटी करायची. शिकारी वारा तोंडावर घेऊन, पाऊल न वाजवता जवळ जाई. आपण तसं गेलो तर जीव धोक्यात घालू. या अस्वलाची नजर आणि कान बेताचे. नाकावर त्याचा भरवसा असतो आणि उलट्या वाऱ्यात नाकाला आपली वर्दी मिळत नाही. माणूस अचानक समोर आला की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. म्हणून दाट झुडपाजवळ मोठ्याने बोलत चालावं, कपारीत डोकावू नये, पहाटे मोहाखाली जाऊ नये. हल्ला झालाच तर पालथं पडून मान आणि चेहरा हातांनी झाकावा.

हा धोका सहलीला आलेल्यापेक्षा इथल्या सहरिया आदिवासी बायकांना जास्त आहे. मोहाची फुलं वेचायला त्यांना भल्या पहाटेच जावं लागतं. माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली, एकाच वेळी येतात. आपली हौस त्यांच्या पोटाआड येता कामा नये. जाण्याआधी गावात विचारा, कोणत्या मोहांखाली अस्वल येतं, आणि ती झाडं आखणीतून वगळा. वनखात्याची परवानगी घ्या, वाटाड्या सोबत ठेवा. शिवपुरीचं माधव राष्ट्रीय उद्यान २०२५ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे पायी भटकण्याचा विचारही नको, गाडीतूनच पाहा. चैत्राची पहिली फेरी दूरवरून, दुर्बिणीतून अस्वल दिसून संपली तर ती यशस्वी झाली. नुसत्या खुणा वाचता आल्या तरीही.

पुढील लेखांकात : उन्हाळ्यातले पाणवठे आणि त्यांच्या वेळा.